हौसेचे भिजत घोंगडे

जुन्या व्हिडिओ गेमच्या हौसेविषयी गेल्या काही महिन्यांत या सदराकडे जी पत्रे आली, त्यांतल्या बहुतेकांचा सूर एकच आहे : कोणीतरी काहीतरी बनवायला घेतले, तारीख सांगितली, ती उलटली, आणि आता वाट पाहणारा आणि बनवणारा दोघेही एकमेकांवर चिडलेले आहेत. त्यांपैकी तीन पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : १९९० च्या दशकात आमच्या चाळीत ज्या एकाच घरी कॅसेट लावायचा व्हिडिओ गेम होता ते घर आमचे होते, आणि ते मशिन, त्याचे दोन्ही रिमोट आणि सगळ्या कॅसेटी मी आजही जपून ठेवल्या आहेत. सुमारे दीड वर्षापूर्वी, दिवाळीच्या तीन-चार महिने आधी, उपनगरातल्या एका हौशी तरुणाने याच जुन्या मशिनसाठी नवा गेम लिहिल्याचे समजले. चाळीच्या गच्च्यांवरून पळत कटलेले पतंग पकडायचे, अशी त्याची कल्पना आहे. हौशी मंडळींच्या एका मेळाव्यात त्याने तो लॅपटॉपवर लावला होता आणि मी स्वतः त्याच्या दोन लेव्हल खेळलो. कॅसेटसाठी मी तेथेच ३,२०० रुपये आगाऊ दिले. कॅसेट दिवाळीला मिळणार होती, मग होळीला, मग गणपतीत. चार महिन्यांपूर्वी ‘बोर्ड पुन्हा काढतो आहे’ एवढाच निरोप आला, त्यानंतर काहीच नाही. जो गेम माझ्या डोळ्यांदेखत चालत होता तो कॅसेटमध्ये भरायला इतका काळ कसा लागतो? मला फसवले जात आहे का? आणि पैसे परत मागितले तर एका हौशी माणसाचा उत्साह मारल्याचे पाप माझ्या माथी येईल का?
एक वाचक, दादर

उत्तर : ‘कसा’ याचे उत्तर आधी देतो, कारण फसवणूक आहे की नाही हे ठरवण्याचा मार्ग त्यातूनच जातो. आपण मेळाव्यात जे खेळलात ते इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, आणि नक्कल करणारा बहुधा मूळ माणसापेक्षा जरा जास्तच समजूतदार असतो. इम्युलेटर सुरू होताना पुष्कळदा सगळी मेमरी शून्यावर आणून देतो. खऱ्या मशिनमधली अवघी दोन किलोबाइट मेमरी मात्र बटण दाबल्या क्षणी कोणत्या अवस्थेत असेल याचा काहीही भरवसा नसतो, आणि ती स्वतः पुसून घ्यायला प्रोग्रॅम लिहिणारा विसरला, तर लॅपटॉपवर शंभरदा बिनबोभाट चाललेला गेम खऱ्या मशिनवर तीनदा चालतो आणि चौथ्यांदा कोरा पडदा दाखवून बसतो. चित्राचेही असेच आहे. चित्र काढणाऱ्या चिपला नवा मजकूर द्यायचा तो एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एक पूर्ण चित्र, काढून संपल्यावर पुढची सुरू होईपर्यंतच्या सुमारे सव्वा मिलिसेकंदाच्या फटीत द्यावा लागतो, आणि त्या फटीत काम आटोपले नाही तर पडद्यावर भलतेच ठोकळे नाचू लागतात. चांगला इम्युलेटर हा दोष दाखवतो, ढिला इम्युलेटर तो पोटात घालतो, आणि हौशी माणसाने काम करताना यांपैकी कोणता वापरला यावर त्याचे पुढचे सहा महिने अवलंबून असतात.

त्यात आपले मशिन बहुधा मूळ जपानी नाही. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉमच्या ज्या तैवानी आणि चिनी नकला आपल्या बाजारात आल्या, त्यांतलेच ते एक असावे. मूळ मशिन सेकंदाला ६० फ्रेम काढते, तर आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी केलेल्या नकला ५० काढतात, त्यामुळे ६० च्या हिशोबाने लिहिलेला गेम आपल्याकडे एक षष्ठांश संथ चालतो. यापेक्षा गमतीची गोष्ट आवाजाची आहे. चौकोनी ध्वनिलहरीचे जे चार प्रकार मशिनमधली आवाज काढणारी चिप काढते, त्यांपैकी दोन प्रकारांची अदलाबदल यांतल्या अनेक नकलांमध्ये झालेली आहे. सूर तेच राहतात, पण त्यांचा पोत बदलतो. म्हणजे चाळीतल्या त्या खोलीत आपण जे संगीत ऐकले ते जपानी मुलांनी ऐकलेले संगीत नव्हेच. आपल्या पिढीतल्या काहींना आज मूळ मशिनवरचे संगीत ऐकून ‘हे काहीतरी चुकले आहे’ असे वाटते, आणि मला त्यांना दोष देववत नाही. पण ज्याला आपल्यासारख्यांसाठी गेम बनवायचा आहे त्याला दोन्ही जातींची मशिने मिळवून, दोन्हींवर गेम तपासून, कोणाच्या कानाला प्रमाण मानायचे ते ठरवावे लागते.

आता कॅसेट. गेमचा आकार हा येथे प्रश्नच नसतो. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटांचा आहे आणि २०१९ मध्ये काही हौशी मंडळींनी त्याच मशिनसाठी काढलेला मायक्रो मेजेस हा गेमही त्यांनी हट्टाने ४० किलोबाइटांतच बसवला. अडचण असते ती एवढा इवलासा मजकूर ठेवायला योग्य चिप मिळण्याची. जुने मशिन पाच व्होल्टवर बोलते, आजच्या बहुतेक मेमरी चिप ३.३ व्होल्ट किंवा त्याहून कमीवर बोलतात, आणि पाच व्होल्टच्या ज्या चिप अजून बनतात त्यांच्या नावावर बाजारात काय काय खपते ते मी स्वतः अनुभवले आहे. तीन वर्षांपूर्वी मी अशाच एका कामासाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चाळीस फ्लॅश चिप मागवल्या. त्यांतल्या अकरा मजकूर भरून घ्यायलाच तयार होईनात. लॅमिंग्टन रोडवरच्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने त्यांतली एक भिंगाखाली धरली, कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढायचे द्रव घेतले आणि चिपच्या पाठीवरून दोनदा फिरवले. वरचे ठसठशीत पांढरे नाव त्या बोळ्यावर उतरले आणि खालून निराळ्याच कंपनीचा, निराळ्याच क्षमतेचा, पुसट खरवडलेला क्रमांक वर आला. कुठल्या तरी भंगार यंत्रातून उपटून, घासून, नव्या नावाने विकलेला तो माल होता. चाळीस चिप कचऱ्यात गेल्या, कारण उरलेल्या एकोणतीस चांगल्या आहेत असे मी कोणाला छातीठोकपणे सांगू शकलो नसतो.

बोर्डाची कथा याहून लांब नाही, पण जास्त महाग आहे. आपल्या मशिनची कॅसेट ६० पिनांची असते. तिच्यातला बोर्ड नेहमीच्या १.६ मिलीमीटरऐवजी १.२ मिलीमीटर जाडीचा लागतो, त्याची खाचेत जाणारी कड उतरती घासलेली असावी लागते, आणि त्या कडेवरचा सोन्याचा मुलामा पातळ निघाला तर वीस-पंचवीसदा कॅसेट घातली-काढली की तो उडतो आणि मग पुन्हा ते लहानपणीचे फुंकणे सुरू होते. हौशी माणूस असे पाच-दहा नमुने आधी मागवतो, ते बहुधा परदेशातून येतात, कस्टममधून सुटतात, तो ते सोल्डर करतो, आणि तेव्हा त्याला कळते की एक तार चुकीच्या पिनेला गेली आहे. लॅपटॉपवर ही चूक दोन मिनिटांत सुधारली असती. येथे तिला सहा आठवडे लागतात, आणि अशा दोन चुका झाल्या की दिवाळीची होळी होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असे बाहेरून दिसते खरे, परंतु या धंद्यात शेपटाचे वजन हत्तीइतकेच असते.

एवढे सगळे मी त्या तरुणाची वकिली करण्यासाठी लिहिलेले नाही. उशिराची कारणे खरी असू शकतात एवढेच त्यातून सिद्ध होते. ती त्याच्या बाबतीत खरी आहेत का, हे त्याने दाखवायचे आहे, आणि चार महिन्यांत एकही ओळ न लिहिणाऱ्याने ते दाखवलेले नाही. या छंदाच्या जगात तीन तऱ्हेची उदाहरणे नोंदलेली आहेत. झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्ट या संगणकासाठी २०१७ मध्ये लोकांनी सात लाख पौंडांहून अधिक रक्कम आगाऊ दिली. तो जानेवारी २०१८ मध्ये यायचा होता आणि २०२० उजाडल्यावर लोकांच्या हाती पडला. मधल्या काळात त्याचे रूप घडवणारे रिक डिकिन्सन, ज्यांनी १९८२ च्या मूळ स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती संगणकाचेही रूप घडवले होते, ते वारले, आणि कीबोर्डाने मंडळींना रडवले. पण काम कोठे अडले आहे हे पैसे देणाऱ्यांना कळत राहिले, आणि अखेर वस्तू मिळाली. त्याच घराण्यातल्या व्हेगा प्लस या हातातल्या यंत्रासाठी २०१६ मध्ये पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली, थोड्या लोकांना थोडीफार यंत्रे मिळाली, आणि २०१९ मध्ये ती कंपनीच गुंडाळली गेली. तिसरा प्रकार कोलेको कमेलियन या गेम मशिनचा. २०१६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात मांडलेल्या त्याच्या नमुन्याची मागची बाजू पाहून जाणकारांनी ओळखले की आत निन्टेंडोचेच जुने सुपर निन्टेंडो हे मशिन बसवले आहे. त्यानंतर पारदर्शक कवचातल्या दुसऱ्या नमुन्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तर त्यात संगणकात चित्रण उतरवून घ्यायचे कार्ड निघाले. मार्चमध्ये सगळा बेत मोडला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात तो हा, आणि तो ओळखला गेला तो कोणाच्या आतल्या माहितीमुळे नव्हे, तर लोकांनी छायाचित्रातला बोर्ड नीट पाहिला म्हणून.

आपणही तेच करावे. त्या तरुणाला एक सभ्य पण नेमके पत्र लिहावे. त्यात ‘कधी देणार’ हे विचारू नये, कारण त्याचे उत्तर म्हणून फक्त आणखी एक सण मिळेल. आत्ता हातात असलेल्या बोर्डाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र मागावे, तोच बोर्ड खऱ्या मशिनमध्ये घालून, खऱ्या टीव्हीवर, बटण दाबल्यापासूनची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मागावी, आणि बोर्डात नेमकी कोणती चूक निघाली म्हणून तो पुन्हा काढावा लागला ते विचारावे. काम करणाऱ्या माणसाला हे तिन्ही देणे दहा मिनिटांचे आहे, आणि माझा अनुभव असा की चूक विचारली की खरा हौशी माणूस खुलतो आणि अपेक्षेपेक्षा तिप्पट लांब उत्तर लिहितो. ज्याच्याकडे दाखवायला काही नाही तो मात्र आपल्यावरच रुसतो.

राहिला पैशांचा आणि पापाचा प्रश्न. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, पण ज्या दिवशी त्याने आपल्या हौसेचे मोल ३,२०० रुपये असे ठरवून ते खिशात घातले, त्या दिवसापासून तो या व्यवहारापुरता विक्रेता झाला आणि आपण ग्राहक झालात. रात्री जागून काम करतो, नोकरी सांभाळून करतो, नफा काहीच नाही, ही सगळी वाक्ये फुकट वाटणाऱ्याच्या तोंडी शोभतात. पैसे घेतलेल्याने ती बोलू नयेत. तेव्हा आपण पैसे परत मागण्यात काडीचेही पाप नाही. वरच्या पत्राला पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर दुसऱ्या पत्राने रक्कम मागावी, पैसे दिल्याची नोंद आणि त्याचे सगळे निरोप जपून ठेवावेत, आणि तरीही काही झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण जेथे राहता तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि एवढ्या लहान रकमेसाठी शुल्क लागत नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पहिली हुकलेली दिवाळी कोणती होती ते कॅलेंडरात पाहून ठेवावे. मी आपल्या जागी असतो तर पैसे परत घेतले असते, त्याला शुभेच्छा दिल्या असत्या, आणि कॅसेट खरोखर तयार झाली त्या दिवशी रांगेत पहिला उभा राहिलो असतो. पतंगांचा गेम मलाही खेळायचा आहे.

प्रश्न : मी शाळेत शिकवतो आणि गेली तीन वर्षे एका जुन्या जपानी गेमचे मराठी भाषांतर करतो आहे. गेम १९८० च्या दशकातला, कॅसेटचा, गोष्टीचा आणि संवादांचा आहे. हे काम मी कोणाकडून एक पैसाही न घेता करतो. पहिल्या उन्हाळी सुट्टीत संवादांचे भाषांतर पूर्ण झाले, त्या आनंदात मी ‘पुढच्या गुढीपाडव्याला गेम येईल’ असे जाहीर करून बसलो. त्यानंतर अक्षरेच पडद्यावर नीट बसेनात. आता दोन पाडवे उलटून गेले. सुरुवातीला लोक चौकशी करत, मग टोमणे मारू लागले, आणि अलीकडे तर ‘जमत नव्हते तर घेतले कशाला’ असे ऐकावे लागते. फुकट काम करून शिव्या का खायच्या? सोडून द्यावेसे वाटते.
एक शिक्षक, भांडुप

उत्तर : आपल्याला शिव्या देणाऱ्यांपैकी एकानेही बाराखडी आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात काढून पाहिलेली नसणार, याची मी खात्री देतो. वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी एकदा खाली उतरून पाहिलेले बरे.

फॅमिकॉमसारख्या जुन्या मशिनवरचा पडदा म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरश्यांची जमीन असते, आणि पार्श्वभूमीसाठी एका वेळी २५६ निरनिराळ्या फरश्याच उपलब्ध असतात. त्यांतच घरे, झाडे, चौकटी आणि अक्षरे बसवायची. इंग्रजीची २६ अक्षरे तेथे पाय पसरून बसतात. मराठीत क पासून ळ पर्यंतची ३४ व्यंजने, आणि प्रत्येकाची बाराखडी : चौतीस बारे ४०८. म्हणजे जोडाक्षरांना हात लावण्याआधीच घर भरून माणसे जिन्यात उभी राहिली. शिवाय आठ ठिपक्यांच्या उंचीत एक ओळ शिरोरेघेला, दोन-तीन वरच्या वेलांट्या-मात्रांना, दोन खालच्या उकारांना दिल्या, तर अक्षराच्या पोटाला दोन-तीन ओळी उरतात, आणि तेवढ्यात ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे काढून दाखवणाऱ्याला मी स्वतः हार घालीन.

यावर एक तोड आहे, आणि ती जपानी मंडळींनीच नकळत करून ठेवली आहे. त्यांच्या लिपीत ‘क’चा ‘ग’ करायला अक्षराच्या डोक्यावर दोन बारीक रेघा देतात, आणि जागा वाचवण्यासाठी त्या काळच्या अनेक गेममध्ये या रेघांची वेगळी फरशी करून ती अक्षराच्या वरच्या ओळीत ठेवत. म्हणजे संवादाच्या प्रत्येक ओळीच्या वर एक जवळजवळ रिकामी ओळ आधीपासूनच असते. आपला गेम या पद्धतीचा असेल तर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि रफार तेथे राहायला पाठवावेत. खालच्या फरशीत शिरोरेघ सगळ्यात वर घेतली की अक्षराच्या पोटाला सहा-सात ओळी मिळतात, आणि फरश्या एकमेकींना चिकटून बसत असल्यामुळे शब्दभर सलग शिरोरेघ फुकटात मिळते. उकाराची जोडणी मात्र त्या त्या व्यंजनासोबतच वेगळ्या फरशीत करावी लागेल, आणि ती ज्या व्यंजनांना संवादात खरोखर लागते त्यांच्यापुरतीच करावी. आपले सगळे संवाद तयार आहेत, तेव्हा कोणती अक्षरे किती वेळा येतात याची मोजणी एका संध्याकाळी होईल. एखाद्या ‘ङ’साठी फरशी अडवण्यापेक्षा वाक्य बदलणे केव्हाही स्वस्त. १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्ट या जपानी गेमच्या निर्मात्यांनीही जागेअभावी कटाकाना या जपानी लिपीतली निवडकच चिन्हे ठेवली होती आणि राक्षसांची नावे त्यांत बसतील अशी बेतली होती. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर आणि चित्रात व्यंजनाआधी येते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, तेव्हा अक्षरे मांडणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला हात घालावा लागणारच. हे काम भाषांतराचे नाही. ते असेंब्ली, म्हणजे मशिनच्या चिपची थेट भाषा, लिहिणाऱ्याचे आहे, आणि तीन वर्षे ते आपण एकटे करत बसलात, ही आपली खरी चूक आहे असे मला वाटते.

दुसरी चूक पाडव्याची. संवादांचे भाषांतर संपले तेव्हा काम संपत आले असे आपल्याला वाटले. मदर ३ हा गेम जपानात २००६ च्या एप्रिलमध्ये आला आणि हौशी मंडळींचे त्याचे इंग्रजी भाषांतर २००८ च्या ऑक्टोबरमध्ये. त्या चमूचा म्होरक्या व्यवसायाने भाषांतरकार होता, सोबत प्रोग्रॅम जाणणारे लोक होते, आणि अक्षरे रोमन होती. आपल्याकडे यांतले काहीच नाही. तेव्हा आता नवी तारीख जाहीर करू नये. काय झाले, काय अडले आहे आणि कोणत्या जातीची मदत हवी आहे, एवढेच लिहावे, एखाद्या बिघडलेल्या पडद्याचे चित्र सोबत द्यावे, आणि दर दोन महिन्यांनी ते करत राहावे, मग सांगण्यासारखे काही नसले तरी. टोमणे मारणाऱ्यांतलाच एखादा असेंब्ली जाणणारा निघतो, असे मी पाहिले आहे. आणि खरोखरच सोडायचे असेल तर खुशाल सोडावे, आपण कोणाचे देणे लागत नाही. फक्त संवादांची फाइल, फरश्यांची चित्रे आणि आतापर्यंतच्या नोंदी कोणालाही घेता येतील अशा ठेवून मगच उठावे. गेमची मूळ फाइल मात्र त्यात घालू नये. ती आपल्या मालकीची नाही, आणि हौशी भाषांतरकार पूर्वापार फक्त पॅच, म्हणजे केलेल्या बदलांपुरतीच फाइल, वाटत आले आहेत ते याच कारणासाठी.

प्रश्न : माझ्या पतींनी तीन वर्षांपूर्वी घरी जुन्या पार्लरसारखे उभे व्हिडिओ गेमचे कपाट करायला घेतले. आमचे घर वन रूम किचन आहे. प्लायवूडचा सांगाडा दाराजवळ उभा आहे, त्यावर मी आता टॉवेल वाळत घालते. चोरबाजारातून आणलेल्या २१ इंची टीव्हीचे आवरण काढून आतला काचेचा भाग पलंगाखाली ठेवला आहे. विचारले की ‘एवढी वायरिंग झाली की संपलेच’ असे उत्तर मिळते. मुलगा सहा वर्षांचा आहे. यावर काही उपाय?
एक गृहिणी, लालबाग

उत्तर : वायरिंगचे नंतर पाहू, पलंगाखालचे आज रात्रीच पाहावे. रंगीत टीव्हीच्या त्या नळीत चालू असताना वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि तो काढून ठेवल्यावरही काही काळ आत साठून राहू शकतो. नळीच्या फुगीर भागावर रबराची टोपी असते, तेथे मुलाचाच काय, पतींचाही हात जाता कामा नये. जुन्या टीव्हीची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला घरी बोलावून साठलेला भार उतरवून घ्यावा. नळीची मागची बारीक मान ही तिची सगळ्यात नाजूक जागा. पलंग सरकवताना ती तुटली तर हवा जोरात आत शिरून काचा उडू शकतात. तोवर त्या पलंगावर कोणी उड्या मारणार नाही एवढे पाहावे.

आता कपाट. या छंदातले लोक, आणि त्यांत मीही आलो, लहानपणी पार्लरमध्ये जे जसे पाहिले ते तसेच्या तसे घरी उभे करायला जातात, आणि पार्लर दुकानात होते हे विसरतात. पतींना सांगावे की त्याच प्लायवूडचा वरचा दीड-दोन फुटांचा भाग कापून, त्यात जुना १७ इंची एलसीडी मॉनिटर बसवून टेबलावर ठेवता येईल असे लहान कपाट होते, रिमोटऐवजी दांडी आणि बटणे तीच राहतात, आणि वायरिंगही निम्म्याने कमी होते. ते नाही म्हणाले तर प्लायवूडची खालची कड बोटाने दाबून पाहायला सांगावे. तीन पावसाळे दाराजवळ काढलेले प्लाय, त्यात टॉवेलांचे पाणी, म्हणजे ते तेथे फुगून सुटू लागलेले असणार, आणि तेवढा भाग तसाही कापावाच लागेल.